चित्र पुरं होईपर्यंत

सीताफळ घेणाऱ्या माणसाला एकच घोर असतो, ते पिकायच्या आत घरी कसं पोचायचं. दसरा झाला की सुलतान बाजारात टोपल्यांच्या रांगा लागतात आणि फळवाल्या बायका गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न तोच विचारतात, आज खाणार की परवा? माधवी म्हणाली, "खानेकू नहीं. सडानेकू होना."

बाईनं हातातलं फळ खाली ठेवलं. "सडानेकू लेते क्या अम्मा? मेरे पास हैं ना सडे हुए, मुफत में ले जाव!"

शेजारच्या टोपलीवालीलाही हसू आवरेना. माधवीही हसली, दोन कच्ची, अजून डोळे न उघडलेली सीताफळं तिनं निवडून घेतली आणि ऑटोनं नारायणगुड्याला घरी आली.

माधवी चित्रकार. चाळिशी उलटलेली, लग्नाच्या फंदात न पडलेली, आणि 'चित्रं काढता ते ठीक, पण काम काय करता?' या प्रश्नावर न चिडायला शिकलेली. गेल्या प्रदर्शनात तिनं स्थिरचित्रं मांडली होती, पण त्यात फळंफुलं नव्हती. जुन्या उस्तादांसारखा एका बाजूनं येणारा मंद उजेड, मागं काळोख, आणि त्या उजेडात चार्जरच्या वायरींचा गुंता, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, घरपोच आलेल्या बिर्याणीचा डबा. ज्यांना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेही त्या डब्यापुढं थबकले. तो डबा सगळ्यांच्याच घरात होता.

या वेळचा बेत निराळा होता. तो मंदारच्या डोक्यातून निघालेला. मंदारची बंजारा हिल्सला गॅलरी, माणूस मूळचा पुण्याचा, त्यामुळं कुठलीही गोष्ट पटवून देण्यात पटाईत. तो म्हणाला, "अगं, जुन्या लोकांनी फळ रंगवून अमर केलं. तू ते जाताना दाखव. खरं फळ, खरा काळ." म्हणजे टेबलावर वस्तू मांडायच्या, समोर कॅमेरा लावायचा, आणि तो थोड्या थोड्या वेळानं आपोआप फोटो काढत राहणार. महिन्याभराचे फोटो जोडले की भिंतीवर पाच मिनिटांत फळ पिकणार, काळं पडणार, बसणार. माधवीला ते फार आवडलं. का आवडलं ते मात्र तिनं मंदारला सांगितलं नाही. घरात तिच्या आईचं तेच चाललं होतं आणि ते ती रोज बघत होती. कॅमेऱ्यातून बघितलं तर कदाचित सोसेल, असं तिला वाटलं.

आई, म्हणजे भामाबाई, वर्षभर अंथरुणाला खिळली होती. हृदय थकलंय, एवढंच डॉक्टर म्हणायचे. त्याहून वाईट म्हणजे ती माणसं विसरत चालली होती. माधवीचा धाकटा भाऊ रितेश कुकटपल्लीहून रविवारी भेटायला यायचा, तर ती त्यालाच विचारायची, "कोन पाहिजे?" तो खाली जाऊन गाडीत रडायचा आणि मग फोन करायचा. "अक्का, तू मनाची तयारी कर. डॉक्टर एकदम क्लिअर बोलले ना." माधवीची तयारी नव्हती. तिला आई हवी होती, आणि शहाणपणा शिकवणाऱ्या प्रत्येकाचा तिला राग येत होता.

आज जिथं ही अपार्टमेंट उभी आहे, तिथंच त्यांचं बैठं घर होतं. जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आला. जुन्या घरात पुढची खोली बापूंची. बापू म्हणजे वडील, नामदेवराव, शाळेत ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की पोरं चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीला घरी यायची. डावीकडच्या खिडकीतून ऊन आत यायचं, बापू गालात लवंग धरून टेबलावर वस्तू मांडायचे, आणि मग खडू घेऊन प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती एक गोल काढायचे, म्हणजे धक्का लागला तरी वस्तू जागच्या जागी ठेवता यावी. पोरांसाठी फरशीवर एकेक रेघ, रेघेपाशी नावाचं पहिलं अक्षर. दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या रेघेवर बसायचं.

"वस्तूला गोल, माणसाला रेघ," बापू सांगायचे. "माणूस उठतो, जातो, येतो. वस्तूनं हलायचं नसतं."

चित्र पुरं झाल्याशिवाय गोलातली वस्तू उचलायची नाही, हा घराचा कायदा होता. वांगं असो की दोडकं. चित्र पुरं झालं की बापू ब्रश पाण्याच्या वाटीवर दोनदा टकटक आपटायचे आणि आत ओरडायचे, "भामा, मोकळं झालं गं!" मग ते वांगं भाजीत पडायचं. एखादा ढिम्म विद्यार्थी वाट्याला आला की सगळ्या घराला सुकलेली दोडकी खावी लागायची. लहानगी माधवी हट्ट करायची, सगळ्यांच्या खुणा आहेत, माझी कुठंय? बापू म्हणायचे, "तुझी काय घाई आहे? काढू की तुझी." ती काढायची राहूनच गेली.

त्यांचं शेवटचं चित्रही तसंच राहिलं. निळी इनॅमलची किटली, पितळी तांब्या, मागं आईचं हिरवं इरकली लुगडं, पुढं दोन सीताफळं. किटली आणि तांब्या रंगवून झाले, लुगडं निम्मं झालं, आणि बापू दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. भेटायला माणसं येऊ लागली, टेबल हवं होतं. आईनं वस्तू उचलल्या आणि ओल्या फडक्यानं गोल पुसले. पुढं दरवर्षी बाजारात सीताफळं दिसली की ती म्हणायची, "अर्ध्यात उचललं गं मी." घरात मग सीताफळ कुणी खाल्लं नाही. चित्र मात्र तिनं ठेवलं होतं, बापूंच्या चित्र काढायच्या फळीवर टाचलेलं, कपाटामागं.

माधवीनं तेच मांडायचं ठरवलं. किटली, तांब्या, लुगडं, सगळं घरात होतंच. हॉलमध्ये टेबल सरकवलं. डाव्या हाताला जुन्या घरात खिडकी होती, तिथं आता कोरी भिंत, भिंतीपलीकडं लिफ्ट. उजेडासाठी तिनं वर एक दिवा लावला. बापूंची फळी कॅमेऱ्याच्या बाजूला ईझलवर ठेवली, बघून बघून वस्तू जुळवल्या, भोवती खडूचे गोल काढले. बापूंची रंगपेटी आणि ब्रश काढून ठेवला, शेजारी स्टीलच्या वाटीत पाणी. त्याचं काही काम नव्हतं. पण वाटीशिवाय ती मांडणी तिला पोरकी वाटली असती.

"किटलीचं तोंड हिकडं होतं गं."

माधवी दचकली. दारात आई उभी होती. आपल्या पायांनी चालत आलेली. तिनं किटली बोटभर फिरवली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि टेबलाच्या उजव्या कडेला बसली. "मी हितं बसायची नं, भाजी निवडत. तुझे बापू म्हनायचे, बस तिथंच, हलू नको." बोलता बोलता तिनं डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवला.

माधवीनं चित्राकडं पाहिलं. उजव्या कडेला पेन्सिलीचा एक आकार होता. लुगड्याची घडी असेल, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. ती घडी नव्हती. चार बोटं होती, मनगट होतं, बांगड्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आई सुधारायला लागली. तिनं पिठलं मागितलं, आणि त्यात लसूण कमी पडला म्हणून माधवीला बोलही लावले. रविवारी रितेश आला तर म्हणाली, "किती वाळलास रे! बायको जेवायला घालती की नाही?" तो तिथंच जमिनीवर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दुपार झाली की ती आपणहून स्टुलावर येऊन बसे, कडेवर हात ठेवी आणि जुन्या गोष्टी सांगत राही. बापूंची सायकल, विद्यार्थ्यांची नावं, कुणी कुणाचं खोडरबर चोरलं ते. माधवी कॅमेऱ्यामागं आपल्या ठरलेल्या जागी उभी राहून ऐकायची. एवढं सुख तिला लहानपणानंतर मिळालं नव्हतं. या घरातलं काही म्हणजे काही आता हलू नये, असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

आणि खरंच काही हलत नव्हतं. बाजारातली सीताफळं संपत आली, टेबलावरची दोन तशीच होती. हिरवी, घट्ट. डोळेसुद्धा उघडले नव्हते.

तिनं मंदारला तोवरचे फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "माधवी, फळं मातीची ठेवलीस का गं? काहीच होत नाहीये." ती काही बोलायच्या आत तो पुढं म्हणाला, "पण उजेड काय सुरेख पकडलायस! सावल्या कशा उजवीकडं सरकत जातात. त्या लुगड्यावर खिडकीचे गजसुद्धा दिसतात. कुठली खिडकी ही?"

माधवीनं फोन ठेवला आणि सगळे फोटो पुन्हा पाहिले. गज होते. उभे, आणि त्यातला एक मधोमध वाकलेला. जुन्या घराच्या खिडकीचा तो गज रितेशनंच बॅट मारून वाकवला होता. ती उठून डाव्या भिंतीपाशी गेली आणि हात लावून बघितला. भिंत कोमट होती.

लिफ्टच्या मोटरनं तापली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. शिकलेल्या माणसाकडं कारणांना तोटा नसतो.

मग एका दुपारी तिचं लक्ष वाटीकडं गेलं. पाणी गढूळ हिरवं झालं होतं. फळीवरच्या चित्रात लुगड्याची उरलेली घडी रंगली होती. रंग ओला होता. माधवीनं बोट लावलं आणि ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं. ही हिरव्यात किंचित तांबडा मिसळायची खोड तिच्या ओळखीची होती. खोलीत लवंगेचा वास होता.

"आई, तू रंगवलंस?"

"मला कुठं येतंय? मी तर बसलेली असते." आईनं हात दाखवला. टेबलावर त्या हाताभोवती खडूचा गोल होता, मनगटापाशी येऊन तुटलेला. "आता हात हलवू देत नाहीत," ती कौतुकानं म्हणाली.

त्यानंतर चित्र रोज थोडं थोडं भरत गेलं. माधवी टक लावून उभी राहायची, तेव्हाही. ब्रश कधी दिसला नाही, हात दिसला नाही. फक्त फळीची डावी बाजू मधेच जराशी दबायची, कुणी कोपर टेकवल्यासारखी, आणि पुन्हा वर यायची. तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटत होतं ते वेगळंच. बापू घरात आहेत, ही गोष्ट तिला आवडत होती.

पहिलं सीताफळ झालं. दुसरं झालं. उरला फक्त हात, आणि त्याचीही करंगळी रंगली होती.

त्या रात्री माधवीला झोप लागली नाही. चित्र पुरं झालं की वस्तू मोकळी. हा कायदा तिला पाठ होता, त्याच्या जोरावर तिनं बालपणभर वांगी खाल्ली होती. सकाळी तिनं ओला कापूस घेतला आणि ती रंगलेली करंगळी हलक्या हातानं पुसून टाकली.

मग ते रोजचंच झालं. दुपारी एक बोट रंगायचं, सकाळी ती पुसायची. मंदार तारीख विचारत होता, ती थापा मारत होती. कागद त्या जागी खरबरीत झाला, त्याची साल निघायला लागली. पुसताना तिला स्वतःची लाज वाटायची आणि हात थांबायचा नाही. आणखी एक दिवस, एवढंच ती दर वेळी म्हणायची.

"कोन पुसतंय गं?" एका दुपारी आईनं विचारलं.

माधवी कॅमेऱ्याच्या स्टँडचा स्क्रू आवळत राहिली.

"त्यांना पुसलेलं आवडत नाही. ठाऊक आहे नं तुला?" आईचा आवाज थकलेला होता, पण स्पष्ट होता. "आन मला पन झेपत नाही आता, बेटा. हात भरून येतोय. डावीकडून ऊन लागतंय दिवसभर. मला वाटतंय चांगलं, तुमी सगळे दिसता, नावं आठवतात. पन जेवन उतरत नाही, झोप येत नाही, नुसती बसलेली. किती दिवस धरून ठेवू?"

"मी काय करू गं तुझ्याशिवाय?" माधवी म्हणाली. चाळिशी उलटलेली बाई, लहान पोरीसारखी रडत.

"भाजीत लसूण जरा जास्त टाकत जा," आई म्हणाली. "बाकी तुला येतंय सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवीनं कापूस घेतला नाही. तिनं आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली, हिरव्या बांगड्या चढवल्या. दुपारी आई स्टुलावर बसली आणि गोलात हात ठेवला. माधवी कॅमेऱ्यामागं आपल्या जागेवर उभी राहिली.

लवंगेचा वास आला.

फळी दबली.

एकामागून एक चारही बोटं भरली. मनगट भरलं. खरबरीत झालेल्या कागदावर रंग जरा पसरला, मग कुणीतरी तो टिपून घेतला. एकेक बांगडी हिरवी होत गेली.

शेवटच्या बांगडीवर पांढरा ठिपका उमटला. उन्हाचा.

वाटीवर टकटक वाजलं. दोनदा.

"झालं वाटतं," आई म्हणाली, आणि तिनं डोकं टेबलावर टेकवलं.

त्याच वेळी दोन्ही सीताफळं फसकन बसली. काळी पडली, फुटली, पाणी लुगड्यावर आलं. गोडसर आंबलेला वास सुटला आणि कुठूनशी चिलटं आली. माधवी धावली तेव्हा आईचा हात गार होता. बराच वेळ झाल्यासारखा.

दिवस पार पडले. रितेश मोकळेपणानं रडला, पाहुण्यांना स्टेशनवर सोडून आला. "अक्का, कुकटपल्लीला चल, एकटी नक्को राहू," असं पुन्हा पुन्हा म्हणाला. ती म्हणाली, "हौ, येते. एवढं आवरून येते." मंदारनं प्रदर्शन लावलं. त्या भिंतीपुढं सगळ्यात जास्त गर्दी व्हायची. पाच मिनिटं काहीच घडत नाही, नुसतं ऊन सरकतं, कडेला एका म्हातारीचा हात स्थिर, आणि अगदी शेवटी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं कोसळतं. लोक विचारायचे, हे जमवलं कसं? माधवी म्हणायची, चांगल्या वस्तू मिळाल्या.

मग एका दुपारी ती आवरायला बसली. किटली धुतली, तांब्या धुतला, लुगडं भिजत घातलं. वाटीतलं पाणी ओतून ती पालथी ठेवली. टेबलावरचे गोल पुसताना आईच्या हाताचा गोल तिनं शेवटी पुसला. या वेळी अर्ध्यात काही उचललं नव्हतं. पुरं झालेलं चित्र फळीवरून काढून तिनं रितेशसाठी गुंडाळून ठेवलं.

उरला कॅमेरा. तो स्टँडवरून काढायला ती रोजच्या जागी जाऊन उभी राहिली. सवयीनं तिनं ईझलकडं नजर टाकली. रिकाम्या केलेल्या फळीवर आता कोरा कागद होता, चारी कोपऱ्यांना टाचलेला. वाटी सुलटी होती. पाणी स्वच्छ होतं.

तिनं खाली पाहिलं.

बापूंनी तिची खूण काढली होती. फरशीवर, तिच्या दोन्ही पावलांना धरून, नीट, हात न उचलता काढलेली. जवळ कुठंही अक्षर नव्हतं, आणि ती रेघ नव्हती. गोल होता.

माधवीनं एक पाऊल उचलायचं मनात आणलं, आणि उचललं नाही. डाव्या गालावर ऊन लागत होतं.